पन्नास मीटरवरचे गोकुळदासबाब

गोकुळदासबाबांचा चेहरा मी एकोणीस वर्षं पाहिला, पण लांबून. ते तिपाईमागे वाकलेले, डावा डोळा मिटलेला, उजवा दुर्बिणीला लावलेला. आणि मी पन्नास-साठ मीटरवर उन्हात पट्टी धरून उभा. चार मीटरची लाकडी पट्टी, तिच्यावर लाल-काळे आकडे. साहेब लोक तिला स्टाफ म्हणत, आम्ही पट्टी. सर्व्हेअरने दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा, म्हणजे जमीन किती वर, किती खाली ते कळतं. खाणीत रोज खड्डा खोल होतो आणि मातीचा ढीग उंच होतो, त्यामुळे हे वाचन कधी संपत नाही. वाचायला सर्व्हेअर लागतो, धरायला कोणीही चालतो, असं कंपनीचं मत होतं. तो कोणीही म्हणजे मी, मधुकर घाडी. मूळचा दोडामार्गच्या पलीकडचा, पोटासाठी सुर्ल्याच्या खाणीत आलेला.

आमचं बोलणं हातांनी चाले. बाबांनी उजवा हात लांब केला की पट्टी त्या बाजूला घ्यायची, डावा केला की डावीकडे. हात पुढेमागे हलवला की पट्टी सावकाश डोलवायची. दोन्ही हात वर गेले की वाचन झालं, पुढच्या खुणेवर पळायचं. डम्परांच्या आवाजात तोंडाने बोलून उपयोग नव्हता. फक्त एक वाक्य ते ओरडून सांगत आणि ते मला सगळ्या डम्परांच्या वरून ऐकू येई.

"पट्टी सरळ धर रे!"

त्यांच्या डोळ्याची खाणीत ख्याती होती. नवी इंजिनिअर पोरं नव्या यंत्रावर जो आकडा काढत, तो बाबा आधी साध्या दुर्बिणीने सांगून मोकळे झालेले असत. माणूस शिस्तीचा, अबोल, थोडा आढ्यताखोर. चूक आपली असू शकते हे त्यांच्या मनातच येत नसे. एकदा एका ढिगाचं माप चुकलं आणि त्यांनी अहवालात लिहिलं, 'पट्टी उभी नव्हती.' मला चार दिवस बिनपगारी घरी बसवलं. पट्टी उभीच होती. मी हे कोणाला सांगितलं नाही, कारण मला कोणी विचारलं नाही. पण विसरलोही नाही. असल्या गोष्टी मी विसरत नाही, माझी बायको यशोदा म्हणते तो माझा आजारच आहे.

मग खाण बंद झाली. यंत्रं भंगारात निघाली, तेव्हा बाबांनी जुनी तिपाई आणि ही पट्टी घरी आणली. भंगारवाल्याला वाटलं, म्हाताऱ्याला सरपण हवं असेल. त्यांना पुढे तुयेच्या वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी लागली. तिथे खोके मोजायचे. खोके मोजायला डोळा लागत नाही, बोट लागतं. मी कारापूरला एका सुपारीच्या बागेत राखणीला लागलो. त्यांचं घर बागेला लागूनच. एकोणीस वर्षं लांबून पाहिलेला माणूस असा शेजारी आला.

त्यांची एकुलती एक मुलगी सेजल. तीही तुयेलाच कामाला, दुसऱ्या कारखान्यात, तपासणी खात्यात. शाळेत असताना एनसीसीच्या शिबिरात हातात रायफल आली आणि पोरीचं मन तिथेच अडकलं. आता तिच्याकडे छऱ्याची बंदूक आहे, लायसन न लागणारी, जुनी घेतलेली. म्हापशाकडच्या एका क्लबात ती रविवारी जाते. या मार्चअखेर क्लबाने पहिल्यांदाच पन्नास मीटरची स्पर्धा ठेवली होती, बंदूक बाकावर टेकवून, वर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, लावून. पन्नास मीटर म्हणजे काय मोठंसं, असं ज्याला वाटतं त्याने अर्ध्या ग्रॅमचा छरा वाऱ्यातून तेवढा लांब पाठवून बघावा. पहिल्या दोघांना पुढे पुण्याला पाठवणार होते. अट एकच: ज्या स्कोपने खेळायचं, त्याच्यावर आधी तीन रविवार क्लबात सराव झालाच पाहिजे. आजवर ती दत्तप्रसाद नावाच्या सोबत्याचा स्कोप मागून लावायची, पण या खेपेला तोही उतरणार होता. म्हणजे फेब्रुवारी संपायच्या आत सेजलला स्वतःचा स्कोप हवा होता, नाहीतर स्पर्धा नाही.

पंधरा हजारांवर जायचं नाही, असं तिचं तिनेच ठरवलं. निवड मात्र बाबांवर सोपवली. घरात आयुष्यभर दुर्बिणीत डोळा घातलेला माणूस असताना आणखी कोणाला विचारायचं?

बाबा त्या महिन्यात दहा वर्षांनी तरुण झाले. खोके मोजून आले की स्कोपांचे व्हिडिओ लावून बसायचे आणि बोलणाऱ्याला दुरुस्त करायचे. दत्तप्रसादने चोवीस पट मोठं दाखवणारा स्वस्त स्कोप सुचवला होता. बाबा हसले.

"इतक्या पैशांत चोवीस पट दितत, मगे काच खंयची घालतत? धूसर निशाण चोवीस पट मोठा केला, तर चोवीस पट मोठा धूसरच दिसतला."

त्यांचं गणित वेगळं होतं. पन्नास मीटरला बारा पट भरपूर. उरलेला पैसा काचेत गेला पाहिजे. पुढच्या बाजूला अंतर जुळवायची कडी हवी, आणि ती जवळच्या अंतरापासून जुळली पाहिजे. नाहीतर डोळा जरासा हलला की आतली रेघ निशाणावरून सरकते, आणि नेमबाजाला वाटतं हात चुकला. बंदूक स्प्रिंगची, ती मागेही झटका देते आणि पुढेही, त्यात साध्या स्कोपच्या काचा सैल होतात, म्हणून तो झटका सोसणारा हवा. आणि शेवटचं म्हणजे बटणं. वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे, की रेघ निघाली तिथेच परत आली पाहिजे. जमीन मोजताना फेरी मारून पहिल्या खुंटीवर आलो की हिशेब जुळावा लागतो, तसंच हे. मी ऐकत होतो. एकोणीस वर्षं त्यांच्यासमोर उभा होतो, पण दुर्बिणीच्या आत काय असतं ते मला त्यांनी त्या महिन्यात प्रथम सांगितलं.

स्कोप कुरिअरने मागवायचा, पसंत नसला तर सात दिवसांत परत. परीक्षा घराच्या मागच्या मळ्यात, रविवारी सकाळी, ऊन तापायच्या आधी. कारण जमीन तापली की दुर्बिणीत पट्टी पाण्यात असल्यासारखी नाचते. तिपाईच्या पायांसाठी बाबांनी तीन खुंट्या कायमच्या ठोकल्या, वर फळी बसवली, फळीवर स्कोप. बंदूक घरात, पिशवीत बंद. बंदुकीवर चढवलेल्या स्कोपातून माणसाकडे बघायचं नाही, हा त्यांचा नियम. टेपने मोजून पन्नास मीटरवर एक दगड पुरला, आणि त्या दगडावर पट्टी घेऊन कोण उभा राहणार हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

"मधू, पट्टी काड रे," एवढंच म्हणाले.

मीही निमूट गेलो. खरं सांगतो, बरं वाटलं.

पहिल्या रविवारी बाबा बराच वेळ वाकून राहिले. दोन्ही हात वर केले. मी जवळ आलो तेव्हा ते कपडा घेऊन काच पुसत होते.

"एक बेचाळीस," ते सेजलला म्हणाले, म्हणजे एक मीटर बेचाळीस सेंटिमीटर. तिने वहीत लिहिलं. "पण काच मळकी आसा. परत धाड."

"बाबा, माका बरां दिसता," सेजल म्हणाली.

"तुका अनुभव नाय."

दुसऱ्या रविवारी दुसरा स्कोप, दुसऱ्या कंपनीचा. पुन्हा एक बेचाळीस, आणि पुन्हा तोंड वाकडं. या खेपेला काच मळकी नव्हती, धुरकट होती. सेजलने डोळा लावला, पुष्कळ वेळ लावला, पण काही बोलली नाही. मला वाटलं, शिकली पोर, वडिलांशी हुज्जत घालू नये हे तिला कळलं. मी किती शहाणा ते पुढे येईलच.

बाबांची बायको पद्मावतीवहिनी त्या दिवशी मला बागेच्या दगडी गडग्याशी भेटली. म्हणाली, चष्मा दोनदा बदलला आणि दोन्ही वेळा चष्मेवाल्यावरच चिडले. तुयेहून आता उजेड असतानाच निघतात, समोरच्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे दिसतात म्हणे. म्हणाली, गाड्यांना हल्ली कसले दिवे लावतात कोण जाणे. मीही मान हलवली. दोघांनी मिळून गाड्यांना दोष दिला आणि आपापल्या कामाला लागलो.

तिसरा रविवार शेवटचा होता. हा स्कोप गेला तर चौथा यायला वेळच नव्हता. बाबा वाकले, कडी फिरवली, उभे राहिले, पुन्हा वाकले. मग मला हाक मारून जवळ बोलावलं.

"तुझी पट्टी हालता रे. म्हणान दिसना नाय."

झालं! पुन्हा तेच! माझ्या डोक्यात तिडीक गेली. ते बिनपगारी चार दिवस जसेच्या तसे उभे राहिले. तोंडात आलेलं गिळलं, पट्टी खांद्यावर टाकली आणि पाय आपटत पुन्हा दगडावर गेलो. पट्टी ठेवली आणि बाबांकडे न बघता झाडांकडे बघत उभा राहिलो. जरा वेळाने खाली लक्ष गेलं तर पायाशी पट्टीचं वरचं टोक. रागाच्या भरात मी ती उलटी उभी केली होती. शून्य आकाशात, सगळे आकडे डोक्यावर.

आता शिव्या येणार म्हणून मी खांदे आवळले. खाणीत एकदा असं झालं होतं, तेव्हा बाबा साठ मीटर पळत आले होते. मी वाट बघितली. बाबांनी दोन्ही हात वर केले. वाचन झालं.

मी पट्टी धरून तसाच उभा राहिलो. मग सेजल वाकली. तिने स्कोपला डोळा लावला, डोळा काढला, आणि तिपाईवरून सरळ माझ्याकडे पाहिलं. पन्नास मीटरवरून मला तिचा चेहरा स्वच्छ दिसला. मग तिने खाली मान घालून वहीत काहीतरी लिहिलं.

बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बाकांच्या ओसरीत, चहा आला, सोबत पाव आणि पातळ भाजी. बाबांनी पाव मोडला आणि म्हणाले, "ह्यो पण परत धाड."

"बरां," सेजल म्हणाली.

"आणि स्पर्धा?" वहिनीने विचारलं.

"फुडल्या वर्सा," बाबांनीच उत्तर दिलं.

सेजलने मान खाली घातली आणि भाजीत पाव बुडवत राहिली. तिचा हात हलत होता तेवढाच. रडत नव्हती, पण त्याहून वाईट काहीतरी करत होती. स्पर्धा सोडत होती, आणि ती आपण सोडतोय हे कोणाला कळू देत नव्हती. मला एकदम सगळ्यांचाच राग आला. बाबांचा, तिचा, आणि माझ्या एकोणीस वर्षांच्या मुकेपणाचा.

"बाब, आज वाचन किती इला?" मी विचारलं.

"एक बेचाळीस."

"पट्टी उलटी होती."

वहिनीचा हात किटलीवर थांबला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या दिशेने पाहिलं.

"जुन्या दुर्बिणीत आकडे उलटेच दिसत," ते म्हणाले. "धा वर्सां उलटेच वाचले मी. सवय आसा."

हे खरं होतं. जुन्या यंत्रात सगळं जगच डोक्यावर दिसे, आणि ते त्याच्यातही सरळ वाचत. क्षणभर मलाच वाटलं, आपण माती खाल्ली.

"सवय आसा ती बरी," मी म्हटलं, "पण उलट्या पट्टीर तो आकडो बेचाळीस कसो येतलो?"

त्यांनी हात पुढे केला. "सेजल, वही."

तिने वही दिली नाही. मांडीखाली सरकवली. चोवीस वर्षांची मुलगी, शाळकरी पोरीसारखी वही लपवून बसली होती. "बाबा, ऱ्हवूं दे," म्हणाली.

"वही हाड."

त्यांनी वही घेतली, डोळ्यांजवळ नेली, उजेडाकडे धरली, पुन्हा लांब धरली. आम्ही तिघं बघत होतो आणि त्यांना आम्ही बघतोय हे माहीत होतं. शेवटी त्यांनी ती माझ्यापुढे केली.

"वाच."

मी वाचलं. सेजलचं अक्षर बारीक, कारखान्यातल्या तपासणीच्या कागदांसारखं नीट. पहिला रविवार: बाबा एक बेचाळीस, मी एक बेचाळीस, काच स्वच्छ. दुसरा रविवार: बाबा एक बेचाळीस, मी एक एकेचाळीस, खुंटी थोडी खचली आहे, काच फार स्वच्छ, हा घ्यायला हवा होता. तिसरा रविवार: बाबा एक बेचाळीस. मी दोन एकोणसाठ, पट्टी उलटी (चारातून एक एकेचाळीस वजा). काच स्वच्छ.

म्हणजे दुसऱ्या रविवारपासून तिला माहीत होतं. खुंटी खचली तरी बाबांचा आकडा हलला नाही, तेव्हाच तिने ओळखलं की ते पट्टी वाचत नाहीत, पहिल्या रविवारी कसाबसा वाचलेला आकडाच आठवून सांगतात. आणि आठवडाभर ती वडिलांच्या डोळ्यापायी स्वतःची स्पर्धा घालवायला बसली होती. मला तिचा कान पिळावासा वाटला आणि पाया पडावंसंही वाटलं.

"दिवाळीपासून," बाबा हळूच म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. "आदी उजव्या डोळ्यार साय इल्यासारखी, मगे डाव्यार पण. माका वाटला काचेचोच दोष." मग म्हणाले, "वाटला म्हणजे, वाटून घेतलंय. डोळोच गेलो तर मगे माझ्याकडे उरता काय? खोके?"

"मोतीबिंदू आसतलो. काडतत तो," वहिनी म्हणाली. ती चिडली होती आणि डोळे पुसत होती. "शेजारच्या सत्यवतीन दोनय काडले, आता ती माझ्या भाजीतले खडे दाखयता."

बाबा हसले नाहीत. माझ्याकडे वळले. "मधू, त्या ढिगाचा माप चुकला होता. तेव्हां पट्टी..."

"उभी होती," मी म्हटलं.

"हां," ते म्हणाले. "उभीच असतली."

एवढंच. माफीबिफी काही नाही. पण मी घोट घोट करून तो चहा संपवला, आणि इतका गोड चहा मी त्या घरात कधी प्यायलो नव्हतो.

मग ते उठले. सर्व्हेअरला यंत्राचा संशय आला तर तो जागा बदलून पुन्हा वाचतो, यंत्राची चूक तशीच उघडी पडते. बाबांनी तेच केलं. पायऱ्या उतरले, कुडाच्या भिंतीला टेकवलेली पट्टी उचलली आणि खांद्यावर घेऊन मळ्यात निघाले. मी धावलो, पट्टीला हात घातला.

"तू हय राव," ते म्हणाले. "सेजल वाचतली. मी धरतंय."

मळ्याची वाट त्यांच्या पायांखालची होती, तिला डोळे लागत नव्हते. दगड त्यांनी पायाने चाचपला, शून्याचं टोक बोटांनी चाचपून खाली ठेवलं आणि उभे राहिले. सेजल फळीवर वाकली. कडी फिरवली. आकडा लिहिला. वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे. पुन्हा वाचलं, पुन्हा लिहिलं. दोन्ही आकडे एकच होते. स्कोप उत्तम होता. पुढच्या रविवारी ती क्लबात जाऊ शकणार होती.

"मधुकाका, तुमी बघा," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

मी डावा डोळा मिटला. आधी सगळं काळं, मग एकदम गोल उजेड आणि त्यात गोकुळदासबाब. छातीवरचं बटण दिसत होतं, मनगटावरची शीर दिसत होती, कपाळावरचा घाम दिसत होता. त्यांना मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. ओठ घट्ट मिटून, दोन्ही हातांनी पट्टी धरून, नजर आमच्याकडे लावून ते उभे होते. आणि पट्टी किंचित डावीकडे कलली होती. आतल्या उभ्या रेघेला लावून बघितलं, खात्रीने कलली होती.

मी उजवा हात लांब केला. पट्टी हलली नाही. मी हात आणखी वर, आणखी लांब केला. ते आमच्याकडेच बघत होते, पण पट्टी तशीच. तेव्हा मला कळलं, आणि एकोणीस वर्षं ऐकलेलं वाक्य माझ्याच तोंडून मोठ्याने निघालं.

"बाब, पट्टी सरळ धरा!"

पट्टी सरळ झाली. सेजलने शेवटचं वाचन घेतलं आणि सवयीने दोन्ही हात वर केले. मीही केले. बाबा उभेच. सूर्य वर आला होता, मळा तापायला लागला होता, आणि ते पट्टी सरळ धरून, आता हात वर होतील म्हणून आमच्याकडे बघत उभे होते. आम्ही दोघं हात वर करून उभे होतो. मग सेजलने हात खाली घेतले, वही मिटली, आणि वाचन झालं हे सांगायला ती पन्नास मीटर चालत त्यांच्याकडे गेली.